शपथ आणि कबुली

एखाद्या बंधूचें दारू पिणें झांकून ठेवण्याजोगें राहिलें नाहीं, म्हणजे आमच्या खेड्यांतील मंडळींत पुढें काय होतें हें वाचकांस सांगावयास नको. रविवारीं उपासना आटोपल्यावर वडील मागें थांबतात. त्यास पुढें बोलावितात. त्याची बायको तोंडाला पदर लावून दाराशीं उभी असते. कोणी रागें भरतो, कोणी समजुतीच्या चार गोष्टी सांगतो, आणि शेवटीं पवित्र शास्त्रावर हात ठेवून त्याच्याकडून शपथ घेवविली जाते. घरीं गेल्यावर आणखी एक शपथ होते. ती लेंकराच्या डोक्यावर हात ठेवून. मग प्रार्थना होते, डोळे पुसले जातात, चहा होतो. कांहीं दिवस तो मनुष्य खालीं मान घालून वागतो, आणि एखाद्या बाजाराच्या दिवशीं पुन्हां झिंगत घरीं येतो. दुसऱ्या वेळीं शपथ घेवविणारांची संख्या कमी असते. तिसऱ्या वेळीं त्याला कोणी बोलावीतच नाहीं.

अशा मनुष्यास खोटारडा म्हणण्याची चाल आहे. आमच्या मतें ती अन्यायाची आहे. शपथ घेतांना तो खोटें बोलत नसतो. त्या घटकेस साऱ्या गांवांत त्याच्याइतकें मनापासून कदाचित् कोणीच बोलत नसेल. दारू सुटावी असें त्याला खरोखरच वाटत असतें. मग उणें कोठें पडतें? आम्हांस असें वाटतें कीं, उणें त्याच्या खरेपणांत नसून शपथेच्या शब्दांत आहे. 'यापुढें मी पिणार नाहीं' हें वाक्य ज्या 'मी'च्या जोरावर उभें आहे, तोच तर गेलीं कित्येक वर्षें हरत आला आहे. जामीन राहणारा स्वतःच दिवाळखोर असला, तर कागदावर अंगठा किती ठळक उमटला याला काय अर्थ? त्याच्या ओठांवर जें वाक्य यावयास पाहिजे होतें तें निराळेंच आहे, आणि तें उच्चारणें शपथेहून फार कठीण आहे: 'मला ही सोडतां येत नाहीं. पुष्कळ वेळां करून पाहिलें. मला मदत करा.'

हें म्हणणें भित्रेपणाचें कीं धैर्याचें, आणि तें ऐकणारावर काय येऊन पडतें, याचा विचार येथें करण्याचा आमचा हेतु आहे. दारूचीं दुकानें असावींत कीं नसावींत हा वाद आम्ही बाजूला ठेवतों. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालीं बंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यांत ती २०१५ सालीं आली व २०२१ सालीं उठली. बंदी असो वा नसो, ज्याचें पाऊल आधींच रुतलें आहे त्याचा प्रश्न शिल्लक राहतोच.

एखादा कडक वडील येथें लागलीच विचारील, 'सोडतां येत नाहीं म्हणजे काय? हात त्याचा, तोंड त्याचें, पैसा त्याचा. कोणी धरून पाजली काय? उद्यां चोरही म्हणेल, मला चोरी सोडतां येत नाहीं.' हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. मनुष्याच्या कृत्याची जबाबदारी त्याच्याकडून काढून घेतली, तर तिच्याबरोबर त्याचें माणूसपणही काढून घेतल्यासारखें होतें. ग्रीक तत्त्ववेत्ता आरिस्टॉटल यानें सुमारें २३०० वर्षांपूर्वीं नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथांत याच प्रश्नाला हात घातला आहे. पिऊन गुन्हा करणारास दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्यांचा तो उल्लेख करितो. कारण, न पिणें त्या मनुष्याच्या हातांत होतें. आणि पुढें तो असें दाखवितो कीं, जो स्वतःच्या अनाचारानें आजारी पडला त्याला एके काळीं आजारी न पडणें शक्य होतें, परंतु आतां नुसत्या इच्छेनें तो बरा होणार नाहीं. हातांतून सुटलेला दगड परत घेतां येत नाहीं. तरी तो फेंकणें न फेंकणें आपल्याच हातीं होतें.

या थोर पंडिताच्या दाखल्याला आम्हांस थोडी जोड द्यावीशी वाटते. सुटलेला दगड परत घेतां येत नाहीं हें खरें. परंतु तो ज्याच्या अंगावर चालला आहे त्याला हांक मारतां येते. हांक मारणें अजून हातांत आहे. दारू सोडण्याची शक्ति ज्याची गेली त्याची जबाबदारी संपली असें नाहीं. ती सरकून दुसऱ्या जागीं गेली आहे. 'पिऊं नको' हें त्याला आज साधत नसेल. 'लपवूं नको' हें साधतें, 'मदत माग' हें साधतें. म्हणून 'मला येत नाहीं' एवढेंच म्हणून जो पुन्हां गुत्त्याकडे वळतो तो सबब सांगतो, आणि 'मला येत नाहीं, मला कोणाकडे तरी न्या' असें म्हणतो तो आपलें कर्तव्य करितो. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायांत जी कुतरओढ मांडली आहे, ती सबब म्हणून मांडलेली नाहीं हें कोणीही कबूल करील. ती सोडविणाराला घातलेली हांक आहे.

चोराचा दाखला आणखी एका कारणानें लागू पडत नाहीं. चोरानें चोरी सोडली म्हणून त्याला झटके येत नाहींत. दारू सोडणारास येतात, व त्यांत कधीं कधीं तो मरतो.

ही गोष्ट आमच्या उपदेशक बंधूंस नीट ठाऊक असावी म्हणून ती सविस्तर सांगतों. अति मद्यपानाची सवय हा मनाचा रोग आहे असें थॉमस ट्रॉटर नांवाच्या ब्रिटिश आरमारांतील डॉक्टरानें १८०४ सालींच आपल्या निबंधांत लिहिलें होतें. त्यानंतर शरीरांत काय घडतें याचाही उलगडा पुष्कळ झाला आहे. दारू मेंदूच्या मज्जातंतूंस मंद करिते. कोणी रोज, कित्येक वर्षें, भरपूर पीत राहिला म्हणजे मेंदु त्या मंदपणाविरुद्ध उलट जोर लावण्यास शिकतो. एका दारावर बाहेरून एकजण रेटा देत आहे व आंतून दुसरा, अशी कल्पना करावी. बाहेरचा एकाएकीं बाजूस झाला कीं आंतला तोंडघशीं पडतो. दारू अचानक बंद झाली म्हणजे असेंच होतें. पहिल्या दिवसाच्या आंतच हात कांपूं लागतात, घाम सुटतो, ओकाऱ्या येतात, झोंप उडते. पहिल्या दोन दिवसांत फेंफऱ्यासारखे झटके येऊं शकतात. दुसऱ्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत केव्हांही कित्येकांस वात होतो: भिंतीवर साप, अंगावर मुंग्या, दारांत उभी असलेली माणसें दिसूं लागतात, ताप चढतो, वेळकाळाचें भान जातें. प्रत्येकालाच हें होतें असें नाहीं. परंतु ज्याला होतें त्याला दवाखान्यांतच ठेवावें लागतें. तेथें डॉक्टर मेंदूचा क्षोभ उतरविणारीं औषधें देऊन तीं हळूहळू कमी करितात, व 'बी-१' जीवनसत्त्व टोंचतात; कारण पिणाऱ्याच्या अंगांत तें फार उणें असतें, व तें न मिळाल्यास स्मरणशक्ति कायमची जाण्याची भीति असते.

खेड्यांत अशा वेळीं काय होतें? हिंदु घरांत भगताला बोलावणें जातें. आमच्या घरांत अशुद्ध आत्मा म्हणून प्रार्थना करणारे गोळा होतात, व उपासाचा दिवस ठरवून आजाऱ्यालाही उपाशी ठेवितात. प्रार्थनेला आम्ही कसें नको म्हणूं? परंतु ती दवाखान्याच्या वाटेवरही करतां येते. जो सकाळीं डोळे उघडल्याबरोबर घोट घेतल्याखेरीज कपबशी हातांत धरूं शकत नाहीं, त्याला 'आजपासून थेंब नाहीं' अशी शपथ घालणें आणि खोलींत कोंडणें हें धर्माचें काम नव्हे. तो शपथ पाळण्याच्या भरांत जिवाला मुकेल. त्याला आधीं डॉक्टरकडे न्यावें. कबुलीचा पहिला उपयोग हा असा अगदीं साधा आहे: आपण किती व केव्हांपासून पितों हें त्यानें डॉक्टरास खरें सांगितलें तरच डॉक्टर त्याला वांचवूं शकेल.

आतां कबूल करावयाचें तें काय? येथें लोकांची मोठी चुकामूक होते. अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे डॉक्टर जॉन यूइंग यांनीं चार प्रश्न योजिले. ते १९८४ सालीं प्रसिद्ध झाले व आजही डॉक्टर ते विचारतात. आपलें पिणें कमी केलें पाहिजे असें कधीं वाटलें काय? लोकांनीं त्याविषयीं टोंकलें म्हणजे राग आला काय? पिण्याबद्दल मन खाऊं लागलें काय? सकाळीं उठतांच अंग थाऱ्यावर येण्यास घोट घ्यावा लागला काय? दोन प्रश्नांस 'होय' असें उत्तर आलें कीं पुढें तपास करावा. वाचकांनीं नजर लावून पाहावें. दारू कोणती, किती, कोणाच्या पैशानें, हें या चारांपैकीं एकही प्रश्न विचारीत नाहीं. आणि आमच्या लोकांचीं सारीं उत्तरें तेवढ्याचींच असतात! 'मी हातभट्टीची शिवत नाहीं, दुकानांतली शीलबंद घेतों.' 'दिवस मावळल्याखेरीज घेत नाहीं.' 'स्वतःच्या घामाची पितों, कोणाच्या वाटेला जात नाहीं.' 'दिवसभर ऊस तोडून अंग मोडतें, घेतल्याविना झोंप लागत नाहीं.' आणि सर्वांत लाडकें उत्तर म्हणजे, 'तो अमका पाहा, गटारांत लोळतो. मी कधीं लोळलों काय?' आपल्याहून खालीं गेलेला मनुष्य प्रत्येकाला सांपडतो. गटारांतल्याला स्मशानांतला सांपडतो.

कबूल करावयाचें तें हें कीं, पिणें आतां माझ्या हुकमांत राहिलें नाहीं. दुसऱ्याशीं तुलना थांबली कीं हें दिसूं लागतें. तें एकदम दिसतें असेंही नाहीं; बरेच लोक आज कबूल करितात, उद्यां मागें घेतात. लूकाच्या शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राविषयीं आमच्या मराठी शास्त्रांत जो शब्द आहे तो 'शुद्धीवर' येण्याचा आहे. पुष्कळ वेळां आम्हांस या शब्दाचें नवल वाटतें. तो घरीं पोंहोंचल्यावर शुद्धीवर आला नाहीं. अंगावर स्वच्छ झगा नव्हता, पोट रिकामें होतें, भोंवतीं डुकरें होतीं, तेथेंच तो शुद्धीवर आला. आधीं सुधारावें व मग बापाकडे जावें असा क्रम त्या दाखल्यांत नाहीं. आमच्या मंडळ्यांत मात्र दारुड्यास आम्ही बहुधा तोच क्रम सांगतों.

कबुली दुसऱ्यानें देतां येत नाहीं, हें सांगतांना एका गोष्टीविषयीं लिहिणें भाग आहे. कारण ती घराघरांत शिरली आहे. 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर व वर्तमानपत्रांत सर्वांच्या पाहण्यांतल्या आहेत. बिचारी बायको कोंबड्या विकून, कानांतलें मोडून ती पूड आणते आणि कालवणांत घालते. तींत काय असतें हें विकणाराखेरीज कोणास ठाऊक नसतें. कोणी ओळखीच्या दुकानांतून डायसल्फिरमच्या गोळ्या आणून त्या कुटून चहांत टाकतात. या औषधाची कथा मौजेची आहे. डेन्मार्कमधील हाल्ड व याकोबसेन हे दोघे संशोधक जंतांवर त्याचा उपयोग होईल काय हें पाहत होते व स्वतःच तें घेत होते. तेव्हां थोडें मद्य घेतांच आपणांस विलक्षण त्रास होतो असें त्यांना आढळलें. १९४८ सालीं ही माहिती प्रसिद्ध झाली. हें औषध पोटांत असतां दारू घेतली तर तोंड लाल होतें, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदय दुबळें असल्यास जीवही जातो. नवऱ्याला काय दिलें हें नवऱ्याला ठाऊक नाहीं, डॉक्टरला ठाऊक नाहीं. ओट्यावर तो कोसळला तर कोणाला काय सांगावें?

तीच गोळी डॉक्टरानें तपासून दिली, व तो मनुष्य रोज सकाळीं बायकोच्या देखत स्वतःच्या हातानें ती घेऊं लागला, तर पुष्कळांस ती आधार देते. गोळी एकच. एका घरीं ती विषप्रयोगासारखी आहे, दुसऱ्या घरीं ती रोजची छोटी कबुली आहे. त्या बहिणींना आम्ही दोष देत नाहीं. मार खाणाऱ्या, उपाशी लेंकरें पाहणाऱ्या बाईनें जें सुचेल तें करून पाहिलें. परंतु मनुष्याचा उद्धार त्याच्या पाठीमागें उरकून घेतां येत नाहीं. तसें करूं जाणें म्हणजे तो मनुष्य नसून बिघडलेला पंप आहे असें धरून चालणें होय.

आतां मदत कोणी करावी? येथें उपदेशक बंधूंस कदाचित् थोडी टोंचणारी एक हकीकत सांगतों. बिल विल्सन नांवाचा न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल दारूपायीं धुळीस मिळाला होता. १९३४ सालच्या डिसेंबर महिन्यांत इस्पितळांत त्याची दारू सुटली. त्यावर ऑक्सफर्ड ग्रूप या ख्रिस्ती चळवळीचा मोठा परिणाम झाला होता. आपले दोष एकमेकांपाशीं उघड बोलण्याची त्या लोकांची रीत होती. मोठ्या उमेदीनें तो दारुड्यांस उपदेश करीत फिरूं लागला. पांच महिने केला. एकही टिकला नाहीं. तेव्हां त्याच्या डॉक्टरानें, सिल्कवर्थ यांनीं, त्याला उपदेश थांबविण्यास सांगितलें. पुढें १९३५ सालच्या मे महिन्यांत ओहायो प्रांतांतील ॲक्रन या शहरीं तो एका व्यवहारासाठीं गेला व तो व्यवहार फसला. परक्या गांवीं, हॉटेलांत एकटा, समोर मद्यपानगृहाचा गलबला. आतां आपण पिणार असें त्याला वाटूं लागलें. त्यानें तेथें लावलेली चर्चांची यादी पाहिली व एका पाळकाला टेलिफोन करून विचारलें कीं, मला बोलण्यास एखादा दारुडा मिळवून द्याल काय?

पाळकाला काय वाटलें असेल! परंतु त्या धाग्यावरून दुसऱ्या दिवशीं, १२ मे रोजीं, त्याची गांठ रॉबर्ट स्मिथ नांवाच्या शस्त्रवैद्याशीं पडली. तोही पिण्यानें बुडत चालला होता. पंधरा मिनिटांहून अधिक थांबणार नाहीं असें ठरवून आलेले डॉक्टर स्मिथ सहा तास बसले. कारण समोरचा मनुष्य त्यांना सुधारण्यास आला नव्हता. तो स्वतःची हकीकत सांगत होता, व ती सांगणें ही त्याचीच गरज होती. उपदेश पुष्कळांनीं केलेला त्यांनीं ऐकला होता. आपल्यासारखा दुसरा प्रथमच भेटला. या भेटींतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना निघाली. तिचें पहिलें पाऊल म्हणजे दारूपुढें आपण दुबळे आहों अशी कबुली. मुंबईंत तिचें काम १९५७ सालीं सुरू झालें, व आज महाराष्ट्रांतील पुष्कळ शहरांत तिच्या सभा भरतात. वर्गणी नाहीं, पिणें सोडण्याची इच्छा एवढीच अट. नांव गुप्त राहतें. खेड्यांत नांव गुप्त कसें राहावें हा प्रश्न आहेच. खेड्याला भिंती नसतात. म्हणून कित्येकांस तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गांवीं जाणें सोयीचें पडतें.

आपल्या भोंवतालीं पाहिलें तरी हेंच दिसतें. गळ्यांत तुळशीची माळ घातल्यावर ज्यांची दारू सुटली असे वारकरी प्रत्येक गांवांत दोन-चार असतात. आमचे कांहीं बंधु त्याचा उल्लेख टाळतात; आम्हांस टाळण्याचें कारण दिसत नाहीं. माळ घातलेला मनुष्य एकटा राहत नाहीं. संध्याकाळीं भजनाला त्याची जागा असते, वारीच्या वाटेवर दिंडींत त्याची जागा असते, आणि तो आला नाहीं तर कोणी तरी विचारावयास येतो. ज्या वेळेस तो गुत्त्यांत असे, त्या वेळेस त्याला आतां दुसरीकडे बसावयास माणसें आहेत. आमच्या शपथेमागें असें काय असतें? रविवारची एक घटका, आणि पुढें सात संध्याकाळी तो एकटा.

पुण्यांत १९८६ सालीं डॉ. सुनंदा अवचट व डॉ. अनिल अवचट यांनीं पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यानें मुक्तांगण हें व्यसनमुक्ति केंद्र काढलें. आरंभीं तें येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत होतें. गर्दच्या व्यसनाकरितां तें निघालें, पण दारूचे रुग्ण तेथें पुष्कळ येऊं लागले. आतां ते दोघेही संस्थापक हयात नाहींत. काम चालू आहे. तेथें औषधांबरोबर गटांत बसून बोलणें आहे, बायकांसाठीं बैठका आहेत, व स्वतः व्यसनांतून सुटलेलीं माणसें नव्यांना हात देतात. प्रत्येकाला पुण्यास जाणें साधणार नाहीं. जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराचा विभाग असतो. तेथून आरंभ करावा. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानें व्यसनमुक्तीसाठीं १४४४६ हा फुकट टेलिफोन ठेविला आहे. सरकारनेंच करविलेली व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेली एक देशव्यापी पाहणी आहे. तींत, दारूला पूर्ण जखडलेल्या सुमारें ३८ माणसांत एकालाच कांहीं तरी उपचार मिळाल्याचें आढळलें. दवाखान्यांत राहून उपचार मिळालेला १८० मध्यें एक. बाकीच्यांकडे शपथा असतील.

ही संख्या इतकी थोडी कां? औषधें महाग, दवाखाने दूर, हें आहेच. परंतु आमच्या मंडळ्यांत आणखी एक कारण आहे व तें आमच्या चांगुलपणांतूनच निघालें आहे. आमच्या वाडवडिलांनीं ख्रिस्ती झाल्यावर दारू सोडली. 'पूर्वीं आम्ही काय होतों, आतां काय आहों' या साक्षींत दारूचें सुटणें हा ठळक भाग असे, आणि तो खराही होता. पण साक्ष जितकी मोठी, तितकें तिच्या विरुद्ध जाणारें सत्य बोलणें कठीण. एखाद्या प्रतिष्ठित घरांतल्या मुलानें पिण्यास आरंभ केला, तर सारें घर त्याचें झांकण होतें. 'नाताळांत मित्रांनीं पाजली,' 'त्याला पित्ताचा त्रास आहे,' 'काल रात्रपाळी होती.' बायको मुकादमाला सांगते, ताप आला आहे; आई पाळकाला सांगते, पाहुण्यांकडे गेला आहे. ही माया आहे यांत शंका नाहीं. पण त्या मायेमुळें तो मनुष्य आपल्या पिण्याचें फळ कधीं स्वतः भोगीतच नाहीं. मुकादमापुढें त्यालाच उभें राहूं द्यावें. उचल फिटली नाहीं तर कां फिटली नाहीं हें त्यालाच सांगूं द्यावें. बहिणींनीं येवढें केलें तरी पुरे. शिव्या देणें, रडणें, खिसे तपासणें यांनीं कांहीं साधत नाहीं. आणि तो मारूं लागला तर सहन करीत राहावें असें कोणत्याही उपदेशकानें सांगूं नये. तिनें मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणीं जावें व पोलिसांत कळवावें.

मंडळीचा वांटा याहून मोठा आहे. मनुष्य सत्य कोठें बोलतो? जेथें तें फार महाग पडत नाहीं तेथें. दारूची कबुली दिली कीं वडीलपणा गेला, गायनांतली जागा गेली, मुलीचें जुळत आलेलें लग्न मोडलें, आणि बाजारांत गोष्ट झाली. असें असेल तर शहाणा मनुष्य लपवीलच. आम्ही शिस्त सोडा असें म्हणत नाहीं. पिऊन जो वचन शिकवूं जातो त्याला त्या कामावरून बाजूस केलेंच पाहिजे. परंतु जो स्वतः होऊन सांगतो त्याची, व जो पकडला जातो त्याची, शिक्षा एकच ठेवण्यांत न्याय काय? आणि पाळकापाशीं बोललेली गोष्ट पाळकाच्या घरांत सुद्धां बोलली जाऊं नये, हें लिहिण्याची गरज पडूं नये, पण पडते. जातां जातां एक लहान सूचना: प्रभुभोजनाला जेथें आंबलेला द्राक्षारस वापरतात तेथें तो न आंबलेला करावा. थॉमस वेल्श नांवाच्या मेथडिस्ट गृहस्थानें १८६९ सालीं याचसाठीं द्राक्षांचा रस तापवून टिकविण्याची युक्ति काढली. आमच्याकडे मनुका भिजवून केलेला रस कित्येक खेड्यांत चालतो, व तो चांगला चालतो. सुटूं पाहणाऱ्याच्या ओठांना मंडळीनेंच ती चव पुन्हां कां लावावी?

एक प्रश्न उरतो, व तो वडील नेहमीं विचारतात: कबुली दिली, दवाखाना झाला, आणि तो पुन्हां प्याला तर? डॉक्टर स्मिथ यांचीच गोष्ट पाहावी. विल्सनशीं सहा तास बोलणें झाल्यावर कांहीं आठवडे ते प्याले नाहींत. नंतर डॉक्टरांच्या एका परिषदेस ते अटलांटिक सिटीला गेले आणि तेथें भरपूर प्याले. परत आल्यावर त्यांना पुन्हां सांवरावें लागलें. त्यांचा शेवटचा पेला १० जून १९३५ रोजीं झाला, व तोच दिवस ती संघटना आपला जन्मदिवस मानते. १९५० सालीं ते वारले तोंपर्यंत त्यांनीं पुन्हां मद्य घेतलें नाहीं. पहिल्या पडण्याला विल्सननें 'शपथ मोडली' म्हणून दार लावलें असतें तर त्याला स्वतःलाही बोलावयास कोणी राहिलें नसतें. पुन्हां पिणें हें या रोगांत फार वेळां घडतें, जसा हिंवताप उलटतो. शपथ मोडली म्हणजे ती संपते. मोडलेल्या शपथेशीं पुढें काय करावें हें कोणालाच ठाऊक नसतें. कबुली तशी नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तेंच वाक्य पुन्हां बोलतां येतें, व तें तितकेंच खरें असतें.

तेव्हां वडिलांनीं पुढच्या खेपेस मागें थांबावें तेव्हां शपथ घेवविण्याऐवजीं दोन गोष्टी ठरवाव्यात. जिल्ह्याच्या दवाखान्यांत त्याच्याबरोबर कोण जाणार, आणि परत आल्यावर संध्याकाळीं दिवेलागणीच्या सुमारास त्याच्या ओट्यावर कोण जाऊन बसणार. मंडळींत पूर्वीं पिणारा व आतां न पिणारा कोणी असेल तर त्यालाच धाडावें. तो कितीही अडाणी असो, आमच्यासारख्या सेमिनरींत शिकलेल्यांहून त्याचें बोलणें तेथें अधिक उपयोगी पडेल. एस्. टी. पहाटेची असते. आदल्या रात्रीं त्याच्या घरीं मुक्कामास जावें, आणि नोंद-कागद काढण्यास त्याचें आधारकार्ड आठवणीनें बरोबर घ्यावें.